नदीपलीकडची चार टेबलं

त्या दुपारी भरल्या हॉटेलात लामायच्या एप्रनचे दोन्ही खिसे उलटे करण्यात आले. टेबलावर पडलं ते असं: टोपण चावलेलं एक पेन, ऑर्डरची वही, रबरबँडांचा गुंता, चक्कर आली की हुंगायची कापराची कांडी आणि कुणाच्या तरी लेकराने दिलेली चिंचेची गोळी. माणकाची अंगठी काही निघाली नाही.

"झाली खात्री?" लामायने विचारलं.

"नोय, हिला आत घेऊन जा. नीट बघ," मालक म्हणाला. मालक म्हणजे थनित. त्याने लामायकडे बघायचंही टाळलं.

नोय लामायच्या हाताखाली वाढप शिकलेली, जेमतेम पंचविशीची पोर. ती तिला संडासात घेऊन गेली, कडी लावली आणि भिंतीला टेकून रडायला लागली. "ताई, मी नुसती उभी राहते. तू काही काढू नकोस. बाहेर जाऊन सांगते बघितलं म्हणून."

"नाही. बघ. उद्या तुझ्यावर शेकायला नको," लामाय म्हणाली, आणि ब्लाउजची बटणं तिने स्वतःच काढली.

अंगठी तिथेही नव्हतीच. बाहेर ओराथायबाई मेनूकार्डाने वारा घेत बसल्या होत्या. चंथाबुरीच्या रत्नबाजारातल्या बड्या व्यापाऱ्याची ही बायको. आज बारा जणींना जेवायला घेऊन आल्या होत्या. खेकडे खाताना अंगठी काढून रुमालाजवळ ठेवली आणि मग ती दिसेना, एवढंच त्यांचं म्हणणं. टेबल आवरायला आलेली एकटी लामाय, म्हणून चोर लामाय. नोयने मान हलवून काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "गिळली असेल. या लोकांचं काय सांगावं?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

थनितला त्या बारा जणींचं टेबल डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्यांच्या मागे, तिथे नसूनही, उभे असलेले बारा नवरे. तो लामायला म्हणाला, "बाईसाहेबांची माफी माग."

"कशाची?"

"त्यांच्या जेवणाचा विचका झाला, त्याची. खाली बसून माग."

लामाय गुडघे टेकून खाली बसली, हात जोडले आणि फरशीला कपाळ लावलं. देवळात बुद्धासमोर टेकवतात, तसं. फरशीवर कुणाच्या तरी ताटातली फिश सॉस सांडली होती, तिचा वास तिच्या केसांना दोन दिवस येत होता. उठताना तिची नजर भटारखान्याच्या दाराकडे गेली. तिथे म्हातारा आचारी चुआंगकाका हातात पळी घेऊन उभा होता. नजरानजर झाली तसा तो आत वळला.

लामायने तेवढ्यातही बाईंसमोरची खरकटी ताटं उचलली, कारण खरकटं गिऱ्हाइकापुढे राहू देणं तिला जमायचंच नाही. हात धुतले, एप्रन खुंटीला लावला आणि मागच्या दाराने निघून गेली. एकोणतीस वर्षं ती त्या दाराने आत येत होती.

*

लामाय खलुंगकडची. तिवरांच्या खाडीकाठचं गाव. बाप दुसऱ्यांच्या मिऱ्याच्या मळ्यांत राबायचा, आई कोळंबी सोलायला जायची. एकोणिसाव्या वर्षी लामाय शहरात आली ती भांडी घासायला. हॉटेल तेव्हा थनितच्या आईचं होतं. प्रयोंगबाई. जुन्या पेठेत नदीला लागून लाकडी व्हरांडा, चौदा टेबलं, आणि चामुआंगच्या आंबट पानांत तासन्‌तास शिजलेलं डुकराचं मांस. ते खायला बँकॉकहून गाड्या यायच्या.

प्रयोंगबाईंनी सहा महिन्यांत तिला भांड्यांवरून उठवून बाहेर आणलं. त्याला कारण घडलं. एकदा एक गिऱ्हाईक ताट अर्धं टाकून गेलं, तर लामाय विसळता विसळता म्हणाली, "ते गेल्या वेळीही लसणाचे तुकडे बाजूला काढत होते." प्रयोंगबाई म्हणाल्या, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "ताट बघून." दुसऱ्या दिवशी तिच्या हातात ऑर्डरची वही आली.

वही नावालाच होती. लामायच्या डोक्यात सगळं गाव बसलेलं होतं. निवृत्त हेडमास्तरांची कवळी वरच्या बाजूने सैल आहे, त्यांचा माकूळ न सांगता बारीक चिरायचा. कपड्याच्या दुकानातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत पण रविवारी एकाच टेबलावर जेवतात, म्हणून त्यांना भाताची भांडी दोन द्यायची, नाहीतर भात मागायला तोंड उघडावं लागतं. पोस्टातल्या बाईंना गरोदरपणात माशाचा वास नकोसा व्हायचा, त्यांना वाऱ्याच्या कडेला बसवायचं. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

थनित तेव्हा नऊ वर्षांचा होता. शाळेतून आला की दप्तर टाकून "लामायताई, भूक!" म्हणून ओरडायचा. पुढे तो बँकॉकला शिकला, बँकेत लागला, आणि आई गेल्यावर हॉटेल चालवायला परत आला. तोवर लामाय अठ्ठेचाळीसची झाली होती. लग्न एकदा झालं होतं. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो दुसऱ्या बंदरात दुसरा संसार थाटून बसला. तिने त्याचा पाठलाग केला नाही. लोक म्हणायचे, लामायला राग येतच नाही.

लोकांचं ते चुकलंच होतं.

*

हॉटेल सोडल्यावर ती नदीपलीकडे, मोठ्या चर्चच्या बाजूला, मारियाआजींकडे राहायला गेली. मारियाआजींचे पणजोबा व्हिएतनामहून आलेले, आजी पिढीजात ख्रिस्ती, विधवा, ऐंशीला टेकलेल्या. त्यांचं लाकडी घर नदीच्या अगदी काठावर. लामाय त्यांचा बाजारहाट, जेवणखाण बघायची आणि मागच्या खोलीत झोपायची. अंगणात उभं राहिलं की पादचारी पुलाच्या पलीकडे थेट थनितचा व्हरांडा दिसायचा.

तीन आठवड्यांनी नोय पुलावरून धावतपळत आली. लामाय ओट्यावर लसूण सोलत होती.

"ताई, अंगठी सापडली! त्यांच्याच गाडीत. सीटच्या फटीत अडकली होती म्हणे, ड्रायव्हरने काढली. परवा घालून जेवायला आल्या होत्या."

"मालकाने बघितली?"

"बघितली ना. मीच म्हटलं, मालक, आता ताईला बोलवा. तर म्हणाले, झालं ते झालं, आता तो विषय काढला तर बाईंना उगाच अवघडल्यासारखं होईल."

"अवघडल्यासारखं," लामाय म्हणाली.

"हो. असंच म्हणाले."

लामायने हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. मग नोयला म्हणाली, "जेवून जा." दुसरं काही नाही. पण नोय सांगते, की त्या दिवशी ताईने दोन माणसांच्या जेवणाला अर्धा किलो लसूण सोलला आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

चोर म्हटलं, ते एक वेळ तिने सोसलं असतं. माणूस चुकतो. पण ती चोर नाही हे कळल्यावरही दोघं गप्प बसली. एक अंगठी मिरवत जेवली आणि दुसऱ्याने तिला वाढलं. हे तिच्या छातीत काट्यासारखं रुतलं. त्या रात्रीपासून लामायला एकच विचार. थनितला काय दुखेल? ओराथायला काय दुखेल?

सकाळी ती मारियाआजींना म्हणाली, "आजी, अंगणात चार टेबलं मांडू का?"

"कशाला गं?"

"लोकांना जेवायला घालायला."

आजींनी पलीकडच्या व्हरांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "देव अशा गोष्टी बघत असतो, लामाय."

"बघू दे. मी कुठे लपवतेय?"

*

पाटी लावली नाही, जाहिरात केली नाही. थनितविरुद्ध चकार शब्द बोलली नाही. ती फक्त सकाळच्या बाजारात जायची आणि ओळखीची माणसं भेटली की त्यांची विचारपूस करायची.

"गुरुजी, कवळी काय म्हणते?"

"काय म्हणणार! परवा तिकडे माकूळ खाल्ला. अख्खी चक्री घशात अडकली. नवीन पोरं आहेत, त्यांना काय माहीत?"

"रविवारी माझ्याकडे या. बारीक चिरून ठेवते."

हेडमास्तर आले. त्यांच्यामागून कपड्याच्या दुकानातले दोघे भाऊ आले, आणि भाताची दोन भांडी बघून मोठा भाऊ नुसता "हं" म्हणाला. त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ. चर्चमधून प्रार्थना आटोपून निघालेल्या बायका यायला लागल्या. चार टेबलं दोन महिन्यांत कमी पडायला लागली, पण लामायने पाचवं टेबल मांडलं नाही. लोक भिंतीला टेकून वाट बघायचे, आणि ते वाट बघताना पलीकडच्या व्हरांड्यावरून दिसायचे. तिला तेच हवं होतं.

नोयने विचारलं, "ताई, मला घे ना इकडे. तिकडे आता जीव रमत नाही."

"आत्ता नको. तू तिकडेच राहा."

"का?"

"मला तिकडचं कळायला हवं."

नोयला ते फारसं आवडलं नाही, पण ती राहिली. आठवड्यातून दोनदा येऊन सांगायची. मालकांनी दर उतरवले. मालकांनी गाणारी बाई आणली. मालकांनी मेनूत पिझ्झा टाकला. पिझ्झ्याचं ऐकून लामाय इतकी हसली की आजी आतून बघायला आल्या.

मग तिने खेकड्यांना हात घातला. था मायच्या किनाऱ्यावरून एक कोळीण दोन्ही हॉटेलांना माल द्यायची. लामाय तिच्या बोटीशी पहाटे जाऊन उभी राहायला लागली. खेकडा उचलायचा, पोटाकडून दाबून बघायचा, वजन हातावर तोलायचं. मांसाने भरलेले सगळे तिने घ्यायचे. कात टाकलेले, आत नुसतं पाणी असलेले पलीकडे जायचे.

"त्यांनी विचारलं तर काय सांगू?" कोळणीने विचारलं.

"सांग, की पहिली आली तिने घेतले. खरंच आहे ते."

थनितकडे गिऱ्हाइकं खेकडा फोडायची आणि आतलं पाणी बघून एकमेकांकडे बघायची. नोय हे सांगायची तेव्हा लामाय काम थांबवून ऐकायची. "कोण होतं? काय म्हणाले? मालकाचा चेहरा कसा झाला? नीट सांग."

असं वर्ष गेलं.

*

कामथोर्नशेठ पूल ओलांडून आले ते लंगडत. ओराथायबाईंचे यजमान. खडे आणायला आफ्रिकेत जायचे, चारचार महिने गावात नसायचे. त्यांना गाउटचा त्रास. खेकडा, कोळंबी पोटात गेली की पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजायचा. लामाय त्यांना वर्षानुवर्षं वेलदोड्याच्या कोवळ्या कोंबातला कोंबडीचा रस्सा वाढत आली होती. त्यांनी खेकडा मागितला तरी "आज चांगले नाहीत, शेठ," म्हणून टाळायची. आता तिकडे कुणी टाळलं नव्हतं.

"अगं, मला मारायला टपलेत तिकडे," शेठ पाय खुर्चीवर ठेवत म्हणाले. "तू इकडे काय करतेस? ते का सोडलंस?"

इथे लामायच्या ओठांवर सगळं आलं होतं. नोय त्या दिवशी इकडेच होती; ती सगळं ऐकत होती. लामाय म्हणाली, "वय झालं, शेठ. चौदा टेबलं झेपेनात."

शेठ गेल्यावर नोय चिडली. "सांगितलं का नाहीस? यांना काही माहीत नाही, तोंडावर दिसत होतं!"

"आज सांगितलं असतं, तर ते घरी जाऊन बायकोला दोन शब्द बोलले असते. बंद दाराआड. माझी झडती काय बंद दाराआड झाली?"

शेठ दर आठवड्याला यायला लागले. लामाय रस्सा वाढायची, पाठदुखीची चौकशी करायची, आणि थांबायची. थांबणं तिला येत होतं. वाढपाचं काम म्हणजे निम्मं थांबणंच असतं.

सहा महिन्यांनी शेठ म्हणाले, "लामाय, पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतात. मोठं जेवण घालायचंय. इथेच घालू."

"मोठ्या हॉटेलात घाला, शेठ. बाईसाहेबांना इथे आवडायचं नाही."

"तिचंही तेच चाललंय, मोठं हॉटेल, मोठं हॉटेल. मी म्हटलं, साठ मला होतायत, तुला नाही. तू वाढलेलं हवं मला."

"बरं," लामाय म्हणाली. आत जाऊन तिने माठातलं पाणी तीन पेले प्यायलं.

*

त्या दिवशी अंगणात टेबलं भाड्याने आणून मांडली होती. सत्तर पानं. शेठचे भाऊ, भाचे, रत्नबाजारातले झाडून सगळे व्यापारी, त्यांच्या बायका. त्या बाराजणींतल्या अकरा तर होत्याच. ओराथायबाई शेठच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. रेशमी पोशाख, मानेला ताठा, आणि बोटात ती माणकाची अंगठी. आल्यापासून त्यांनी लामायकडे एकदाही बघितलं नव्हतं.

लामायने त्या दुपारी जसं वाढलं तसं आयुष्यात कधी वाढलं नसेल. कुणाला काही मागावं लागलं नाही. ज्याला बर्फ हवा त्याला बर्फ, ज्याला तिखट नको त्याच्यापुढे वेगळी वाटी. लोक जेवणाची नाही, वाढपाची तारीफ करायला लागले. शेठ तर फुलून आले होते.

मग खेकडे आले. वाफाळणारे, लालबुंद. लामायने एका हातात मोगऱ्याची फुलं टाकलेल्या पाण्याचं पितळी भांडं घेतलं, दुसऱ्या हातात पांढऱ्या रुमालावर एक रिकामी बशी. थोरामोठ्यांपुढे वाकतात तशी कमरेत वाकून ती ओराथायबाईंच्या खुर्चीशी गेली.

"बाईसाहेब, खेकडा हाताने खायचा, तर अंगठी आधीच काढून द्या. या बशीत ठेवा. बशी मी शेठजींच्या पुढ्यात ठेवते, म्हणजे सगळ्यांना दिसत राहील."

तिचा आवाज मऊ होता, पण एकोणतीस वर्षं गजबजलेल्या हॉटेलात ऑर्डरी सांगितलेला आवाज तो. शेवटच्या टेबलापर्यंत गेला.

"काही गरज नाही," बाई पुटपुटल्या.

"असं कसं, बाईसाहेब? मागच्या खेपेला माझे खिसे उलटे करावे लागले, अंगावरचे कपडे उतरवावे लागले. आज सत्तर माणसं आहेत. कुणाकुणाची झडती घ्यायची?"

चमचे थांबले.

"कसली झडती?" शेठनी विचारलं.

लामायने सांगितलं. मेनू सांगावा तसं, एकामागून एक, कुठे आवाज चढवला नाही. अंगठी दिसेना. एप्रन. संडास. गिळली असेल, हे बोलणं. फरशी. मग तीन आठवड्यांनी गाडीची सीट.

"आणि मला कुणी काही बोललं नाही," शेठ म्हणाले. त्यांनी त्या अकराजणींकडे बघितलं. अकराही जणी खेकड्याकडे बघत होत्या.

"गैरसमज झाला होता," ओराथायबाई म्हणाल्या. त्यांची मान लाल झाली होती. "मिटलं ते तेव्हाच."

"तुमचं गाडीत मिटलं, बाईसाहेब. माझ्यापर्यंत यायचं राहिलं."

शेठचा एक म्हातारा चुलता खो खो करून हसला. शेठ हसले नाहीत. बायकोला म्हणाले, "माफी माग."

"एवढ्या लोकांत?"

"लामाय, तेव्हा किती लोक होते?"

"एकतीस, शेठ. तेरा बाईसाहेबांच्या टेबलावर, बाकीचे आजूबाजूला. मी खाली बसून मागितली होती. पण बाईसाहेबांचे गुडघे दुखतात, ते मला माहीत आहे. त्यांनी खुर्चीवरून मागितली तरी चालेल."

ओराथायबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तिथे काही आधार मिळेना. त्यांनी हात जोडले, छातीपर्यंतच, आणि ओठ हलवले.

"पंख्याचा आवाज मोठा आहे, बाईसाहेब," लामाय म्हणाली. "ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं. माफ कर."

"आता आलं."

सगळ्यांना वाटलं होतं, ती आता बाजूला होईल. पण लामाय तिथेच बसली. तिने अडकित्ता घेऊन बाईंचा खेकडा फोडला, नांग्यांतलं मांस अख्खंच्या अख्खं काढलं आणि त्यांच्या ताटात रचून ठेवलं. "गरम आहे तोवर घ्या," म्हणाली आणि खुर्चीमागे उभी राहिली. सगळं अंगण बघत होतं. न खाऊन बाई जातात कुठे? त्यांनी खाल्लं. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून ताटात पडत होतं आणि त्या चावत होत्या. लामायने घास मोजले. अकरा झाले. बाराव्याला तिने स्वतःच ताट उचललं.

नोयने नंतर विचारलं, "ताई, एवढं करायला हवं होतं का गं?"

"हवं होतं," लामाय म्हणाली. "आणि तो शेवटचा घासही भरवायला हवा होता."

*

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत सगळ्या पेठेत पसरली होती. ओराथायबाई बँकॉकला बहिणीकडे गेल्या, त्या पाच महिने आल्या नाहीत. थनितकडे जी थोडीबहुत माणसं जात होती, त्यांनाही तिथे बसायची लाज वाटायला लागली. कुणी ना कुणी विचारायचंच, "इथेच ना त्या बाईला फरशीवर बसवलं होतं? नेमकं कुठे?"

महिन्याभराने थनित पूल ओलांडून आला. दुपारची गर्दी सरली होती. तो टेबलाशी उभा राहिला.

"बसा, साहेब. काय घेणार?" लामायने विचारलं.

"ताई, मला साहेब नको म्हणूस."

"गिऱ्हाइकाला आम्ही साहेबच म्हणतो. बसा."

तो बसला. तिने भात आणला, चामुआंगचं मांस आणलं, पाण्यात बर्फ घातला. त्याने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. चव त्याच्या आईच्या हातची होती. शेवटची दहा वर्षं प्रयोंगबाईंचे हात थरथरायचे, तेव्हा पानं निवडायला लामायच बसायची.

"परत ये, ताई. निम्मी भागीदारी देतो. पाटीवर तुझंही नाव लावू. माझं चुकलं, मला कळतंय ते."

"कधी कळलं, साहेब? अंगठी सापडली तेव्हा, की गिऱ्हाईक गेलं तेव्हा?"

थनितने ताट थोडं पुढे सरकवलं.

"तुम्ही नऊ वर्षांचे होता तेव्हापासून मी तुम्हाला वाढलं. तुम्हाला माहीत होतं, मी चोर नाही. ती बाई मला ओळखत नव्हती. तुम्ही ओळखत होता." ती त्याच्या पेल्यात पाणी घालत होती. "मला तुमची भागीदारी नको. त्या व्हरांड्याला कुलूप लागलेलं बघायचंय. तेवढं झालं की माझं तुमच्याकडे काही मागणं नाही. जेवा आता. निवतंय."

तो जेवला नाही. सोंगक्रानच्या, नववर्षाच्या सणाच्या, दहा दिवस आधी त्याने हॉटेल बंद केलं. लामायने अंगणात खुर्ची टाकली आणि माणसं खुर्च्या, कपाटं, पंखे बाहेर काढत होती ते सकाळपासून शेवटपर्यंत बघितलं. मधे एकदा आजी म्हणाल्या, "आत ये, ऊन लागेल." ती उठली नाही. तिला फार बरं वाटत होतं, हे तिने कधी नाकारलं नाही.

*

नोय त्याच संध्याकाळी इकडे कामाला लागली. लामायने पाचवं आणि सहावं टेबल मांडलं, आणि नोयला सांगितलं, "चुआंगकाकांना निरोप दे. म्हणावं, इथली चूल तुमचीच आहे."

काका दोन दिवसांनी आला. अंगात धुतलेला सदरा, खांद्याला कापडी पिशवी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्याचा मोठा सुरा.

"रयोंगला चाललो. लेकाकडे," तो म्हणाला. "दोनची बस आहे."

"काका, निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला. म्हणूनच आलो. चौतीस वर्षं एका चुलीपुढे उभा होतो, लामाय. आता दुसरीपुढे उभा नाही राहणार. त्यातून ती चूल जिने विझवली, तिच्या घरी तर नाहीच."

"मी थनितचं बंद पाडलं. तुमचं नाही."

"हॉटेलात तो एकटाच होता होय? मी होतो, भांडीवाली होती, दोन पोरी होत्या. तुझ्यापायी दोन वर्षं पाण्याचे खेकडे शिजवले मी. लोक ताटं परत पाठवायचे. थनितच्या नाही, माझ्या हातात यायची ती." काकाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

लामाय लगेच म्हणाली, जणू हे उत्तर तिच्याकडे कधीपासून तयार होतं, "तुम्ही दारात उभे होता, काका. हातात पळी होती."

"होतो."

"एक शब्द बोलला असता. एवढंच म्हणाला असता, की ही चोर नाही."

"नाही बोललो. घाबरलो," काका म्हणाला. "घरी जाऊन जेवलोही नाही त्या दिवशी. पण बोललो नाही, हे खरं. म्हणून माझी ही गत करायची?"

लामाय आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली. काका वाढलेल्या अन्नाला नाही म्हणणारा नव्हता. तो उभ्याउभ्याच चार घास जेवला, मांसातलं पान बोटाने उचलून उजेडात धरून बघितलं.

"पानं जून आहेत," तो म्हणाला. "देठ काढत जा."

मग हात धुऊन तो पुलाकडे गेला. मागे वळला नाही.

मारियाआजी ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "झालं मनासारखं?"

लामाय ताट उचलत होती. ती म्हणाली, "ओराथायचं झालं. थनितचं झालं. काकांना मी आधीच इकडे ओढायला हवं होतं, तेवढं चुकलं." मग म्हणाली, "बाकी पुन्हा वेळ आली, तर सगळं असंच करीन."

नोयकडून नंबर घेऊन तिने रयोंगला दोनदा फोन लावला. काकांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने लावला नाही.